डॉमिनिकाच्या युजिनिया चार्ल्स
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चिवड्याच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी हाताला धरून इथे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; चुकलेमाकले सांभाळून घ्या.

कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका नावाचे लहानसे बेट आहे. डोंगर, पाऊस आणि केळीच्या बागा. तेथे १९१९ साली युजिनिया चार्ल्स जन्मल्या. वडील मुळात गवंडी. पुढे त्यांना बरे दिवस आले, तेव्हा गरिबांनी पैसा पैसा शिल्लक टाकावा म्हणून त्यांनी सहकारी बँक काढली. मुलीला कॅनडात आणि लंडनला शिकवले. १९४९ साली ती परत आली, ती बेटावरची पहिली स्त्री-वकील होऊन.

१९६८ साली तेथील सरकारने टीकाकारांना आळा घालणारा कायदा केला. लोक त्याला ‘तोंड बंद करा’ कायदा म्हणत. बाईंचे तोंड मात्र त्यानेच उघडले! चारचौघांना जमवून त्यांनी फ्रीडम पार्टी काढली. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. आपण चाळिशी उलटली की “आता आपले काय राहिले?” म्हणतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

१९७० च्या निवडणुकीत त्या पडल्या. १९७५ साली निवडून येऊन विरोधी पक्षनेत्या झाल्या. १९७८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये असे भयंकर वादळ आले की बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर उरले नाही. १९८० साली लोकांनी एकवीसपैकी सतरा जागा बाईंच्या पक्षाला दिल्या. डॉमिनिकाच्या त्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान. अर्थखातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. पुढल्याच वर्षी त्यांची सत्ता उलथून टाकण्याचे कट झाले. तेही त्यांनी मोडून काढले. लोक त्यांना ‘पोलादी बाई’ म्हणू लागले.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. १९८३ साली शेजारच्या ग्रेनाडात पंतप्रधानांची हत्या झाली, तेव्हा बाईंनी शेजारी बेटांच्या वतीने अमेरिकेला फौज पाठवायला सांगितले. जगातल्या पुष्कळ देशांनी त्याचा निषेध केला. घरच्या भांडणात गावातल्या दांडग्याला बोलवावे का? मला अजून उत्तर सापडलेले नाही. पण आपला निर्णय त्यांनी दुसऱ्याच्या पदराआड लपवला नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांशेजारी उभे राहून साऱ्या जगासमोर तो सांगितला. पंधरा वर्षे कारभार करून १९९५ साली त्या निवृत्त झाल्या आणि २००५ साली वारल्या.

आता माझी एक गोष्ट कबूल करते. गेल्या महिन्यात आपल्या आळीच्या नळाचा अर्ज घरोघर फिरवला तो मीच. पण सही करताना मी माझे नाव अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिले. साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून! सह्या मागायला मी पुढे आणि नावाला मात्र मागे. हे भाषण तयार करताना त्याची फार लाज वाटली.

त्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी आपण दुसरा अर्ज करणार आहोत. त्यावर पहिली सही माझी असेल, ठळक अक्षरात. दुसरी कोणाची, ते चहा होईपर्यंत ठरवा.