मापाची खुर्ची



हीरक महोत्सवात शाळेच्या यशाबद्दल बोलण्याचा प्रघात आहे. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील आपल्या या शाळेत पहिलीच्या वर्गात एक मुलगी दाखल झाली. तिला मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी होती. एका दात्याने चाकाची खुर्ची दिली. खुर्चीला हार घातला, छायाचित्र काढले आणि आम्ही कृतार्थ झालो. खुर्ची प्रौढ माणसाची होती. आसन १८ इंच रुंद. मुलगी त्यात एका अंगाला कलंडे, पाय अधांतरी राहत आणि तोल सावरताना दोन्ही हात गुंतून पडत. मग पेन्सिल धरायची कशाने? ‘लेखन : प्रगती नाही’ या शेऱ्याखाली सही माझी आहे.

एके दिवशी तिची आई भेटायला आली. म्हणाली, “बाई, घरी मी तिला मांडीत धरून बसते, तेव्हा ती लिहिते.” मी निरुत्तर झाले.

त्यानंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मापे घेतली : कमरेखालची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर, बसल्यावर कोपराची उंची. शाळेची बाके करणाऱ्या मिस्त्रींनी त्यावरून लाकडी खुर्ची केली. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात राहतील अशी बैठक, गुडघे एकमेकांना जुळू नयेत म्हणून मध्ये मऊ गादीची खुंटी, पाय टेकायला फळी, आणि पोटाशी अर्धगोल कापलेले मेज. पहिला प्रयत्न फसला. आसन खोल झाल्यामुळे ती पुढे घसरू लागली. मिस्त्रींनी काही न बोलता ते दीड इंच कापले.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाऊल घडवले, तेही अशाच जाणिवेतून. आधीच्या परदेशी पावलाला बूट लागे, त्यावर उकिडवे बसता येत नसे. आपली माणसे तर अनवाणी चालतात आणि मांडी घालून जेवतात. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

पंधरवड्याने मुलीने पाटीवर स्वतःचे नाव लिहिले. अक्षरे वाकडी होती. माझा तो शेरा दप्तरात अजून तसाच आहे.

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे; पालकांनी ती अवश्य मागावी. पण मूल वाढते आणि खुर्ची वाढत नाही. म्हणून पायफळी खालीवर सरकवण्यासाठी आम्ही भोके ठेवली, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मापे घेतो.

ती मुलगी आता सहावीत आहे. तिच्यासाठी चौथी खुर्ची करायची आहे, शिवाय यंदा आणखी दोन मुले आली आहेत. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, लाकडाचे व्यापारी आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी आहेत. येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता आपण तिघांची मापे घेणार आहोत. मिस्त्री येणार आहेत. आपणही यावे.