अकोल्याचा रस्ता आणि मुंबईचं संचालक मंडळ

राजापेठवरून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला नेहमी जाणाऱ्यांना आठवत असेल, मधली काही वर्षं या रस्त्यानं पार कंबरडं मोडलं होतं. आपण शिव्या दिल्या पुढाऱ्याला आणि ठेकेदाराला. पण या दुखण्याचं एक मूळ मुंबईत, बीकेसीतल्या एका ऑफिसात होतं.

अमरावती-चिखली चौपदरीकरणाचं काम आयएल अँड एफएस समूहाच्या कंपनीकडं होतं. २०१८मध्ये हा समूहच बसला. कर्ज साधारण ९१ हजार कोटी! हप्ते थकले, पैसा आटला, रस्ता अडला. पुढं काम दुसऱ्यांना द्यावं लागलं. जून २०२२मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं ना, तो हाच रस्ता.

आता प्रश्न असा, की जबाबदार कोण? संस्थापक रवी पार्थसारथी यांनी जुलै २०१८मध्ये तब्येतीचं कारण देऊन पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये सरकारनं अख्खं संचालक मंडळ बाजूला केलं. पुढं काही बड्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पार्थसारथींना २०२१मध्ये झाली, आणि २०२२मध्ये ते वारले. आरोप होते, पण निकाल लागलाच नाही.

अटकेची बातमी आली की आपल्याला वाटतं, झाला न्याय. पण खरी जबाबदारी त्याच्या कितीतरी आधीची असते. सरकारनं कंपनी न्यायाधिकरणापुढं काय सांगितलं ऐका: कंपनीच्या जोखीम समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाली. एकच! इकडं बचत गटाच्या बाया दर महिन्याला वही उघडून बसतात, हिशोब जुळेपर्यंत उठत नाहीत. आणि रेटिंगवाले? ऑगस्टपर्यंत 'एएए' म्हणत होते, सप्टेंबरात थेट 'डी'.

कायदा नाही असं नाही. कंपनी कायद्याचं कलम १९९ सांगतं, की फसवणुकीमुळं किंवा नियम मोडल्यामुळं हिशोब पुन्हा मांडावे लागले, तर वरच्या अधिकाऱ्यांनी त्यापायी जादा घेतलेला पगार वसूल करायचा. माझ्या मते हत्यार हेच आहे. तुरुंगाची भीती लांबची, निकालाला वर्षं लागतात. घेतलेला बोनस परत द्यावा लागेल ही भीती मात्र बैठकीतच माणसाला प्रश्न विचारायला लावते.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? मोबाइलवर एसआयपी करता ना? या समूहाच्या कागदांत म्युच्युअल फंडांचे पैसे होते, पीएफचेही होते. म्हणून एक काम करा. ज्या लिस्टेड कंपनीत पैसा टाकाल, तिचा वार्षिक अहवाल उघडा. जोखीम समिती किती वेळा बसली, कोण हजर होतं, हे त्यात छापलेलं असतं. दोन मिनिटं लागतात, फुकट आहे.

आणि हा भाग अकोल्याच्या बसमध्ये बसून ऐकत असाल, तर शेजारच्यालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!