आवाजाची मूळ प्रत

(वर्ध्यातील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



मला तंत्रज्ञानावर बोलायला सांगितलंय. मी तंत्रज्ञ नाही. समाजकार्य शिकून समुपदेशन करणारी कार्यकर्ती आहे. म्हणून माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलच बोलते.

गेल्या वर्षी आर्वी तालुक्यातली एक बाई केंद्रात आली. बसायच्या आधीच तिनं फोन पुढे केला. "ताई, आधी हे आयका." व्हॉट्सॲपवर नवऱ्याचा आवाज होता. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण तो प्यायलेला आहे हे पहिल्याच शब्दाला कळत होतं. माहेरून पैसे आणले नाहीस तर जाळून टाकीन, अशी धमकी. "तो असं म्हणाला" हे बाईनं कितीदा सांगितलं तरी लोक मान हलवतात आणि विसरतात. इथे तर तो स्वतःच बोलत होता.

ती फाइल आमच्या जुन्या संगणकावर उघडेना. व्हॉट्सॲपचा आवाज 'ओपस' प्रकारात असतो. मी एक फुकटचं संकेतस्थळ शोधलं, फाइल चढवली, दोन मिनिटांत तिची 'एमपी-३' झाली. अंगावरच्या वळांचे फोटोही तिथेच लहान करून घेतले. उघडत नाही म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. पंधरा दिवसांनी दिरानं तिचा फोन फरशीवर आपटला.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न केला, "मूळ कुठे आहे?"

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये कणभर बदल झाला की ठसा बदलतो. आधीच्या कायद्यातही प्रमाणपत्र होतंच. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, यावरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं, प्रतीला प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच हजर केलं तर नको. आमदारकीच्या भांडणातून निघालेला हा नियम आपल्या बाईच्या फुटक्या फोनलाही लागू पडतो.

रूपांतर म्हणजे नुसतं कव्हर बदलणं नव्हे. एमपी-३ करताना आवाज नव्यानं बांधला जातो, थोडा गळतो, आणि फाइलवर तारीख येते ती रूपांतराची. फोटो कधी काढला ही आत दडलेली नोंदही लहान करताना बरेचदा जाते. शिवाय त्या बाईची उघडी पाठ मी कुणाच्या संगणकावर पाठवली? तिला विचारलंही नव्हतं.

आता आम्ही असं करतो. फोनमधलं काही पुसायचं नाही. प्रत वायर लावून घ्यायची. व्हॉट्सॲपनं फोटो पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे तो दाबला जात नाही. ओपस फाइल 'व्हीएलसी'मध्ये इंटरनेटशिवाय ऐकू येते. रूपांतर लागलंच तर त्यातच करायचं आणि नावात 'ऐकण्याची प्रत' लिहायचं. बोलण्याचा लेखी उतारा काढताना 'आयका'चं 'ऐका' करायचं नाही.

नवरेही रेकॉर्डिंग घेऊन येतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं. ते नवऱ्यानं बायकोचं केलेलं होतं. तेव्हा समोरून सीडी आली की आपणही मूळ मागायचं.

त्या बाईनं फुटका फोन फेकला नव्हता, पिशवीत बांधून आणला. पडदा बदलल्यावर तो सुरू झाला आणि आवाज त्यात सापडला. वळांचे फोटो मात्र नव्हते. नवऱ्याच्या हाती लागायला नकोत, प्रती आपल्याकडे आहेतच, असं म्हणून मीच तिला ते पुसायला लावले होते. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.