सहकाऱ्याची जागा

(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



वर्गात भेदभाव नसावा, हे आपण मुलांना नित्य शिकवितो. आज मला बोलावयाचे आहे ते आपल्या आपसांतील वागणुकीविषयी. शाळा ही मुलांची शिकण्याची जागा, तशीच ती आपली काम करण्याची जागा. तेथे नव्याने आलेल्या सहकाऱ्यास आपलेपणा वाटतो की परकेपणा, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून ते परतले होते. महाराजांनी नेमणूक दिली. परंतु शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात नाव बदलून ते राहिले. जात उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना जागा सोडावयास लावली. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. तोही मिळाला नाही. त्यांना बडोदे सोडावे लागले. नेमणूक हुकुमाने मिळते. जागा मात्र माणसांनी द्यावी लागते, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

१९५० साली संविधान अमलात आले आणि त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायदा झाला, पण कायद्याने न उघडलेली काही दारे अद्याप आहेत. माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका गावी मुख्याध्यापक होतो. परजिल्ह्यातून आलेले एक तरुण गुरुजी रोज तालुक्याच्या गावाहून सायकलीने येत. पावसाळ्यात त्यांना उशीर होई. मी कारण न विचारता अहवालात शेरा लिहिला, 'मुख्यालयी राहत नाहीत.' पुढे समजले की, गावात चार घरी त्यांनी खोली मागितली होती. चारही ठिकाणी प्रथम आडनाव विचारले गेले आणि मग खोली रिकामी नसल्याचे सांगण्यात आले. त्यांतील एक घर माझ्या शेजारचे होते. मी एक शब्द टाकला असता तर खोली मिळाली असती. गुरुजी मला काही बोलले नाहीत. वर्षअखेरीस बदली घेऊन ते निघून गेले. तिसरीच्या मुलांना वाचनाची गोडी लावणारा शिक्षक शाळेने गमावला, तो माझ्या बेफिकिरीमुळे.

म्हणून माझी विनंती आहे. नवा सहकारी रुजू होईल त्या दिवशी खोली पाहावयास आपण त्याच्याबरोबर जावे. दुपारचा डबा कोण एकटा खातो, इकडे लक्ष असावे. रांगोळी व स्वागतगीत बाईंकडे आणि हिशेब गुरुजींकडे, ही वाटणी सवयीने होते. ती आवड व पात्रता पाहून व्हावी. शेवटची एस.टी. गाठावयाची असलेल्या भगिनींसाठी सभा वेळेत संपवावी. पायाने अधू असलेल्या सहकाऱ्यास पायऱ्या नसलेला वर्ग द्यावा, आणि तो त्यांनी मागण्यापूर्वी द्यावा. कोणाची बोली अहिराणी असो वा मालवणी, तिची नक्कल करून हसू नये. यांस पैसा लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

या बाबतीत आपल्या व्यवसायाचा वारसा मोठा आहे. १८५६ साली सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी नायगावी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकारी फातिमा यांची आठवण काढली. आपल्या पश्चात त्यांच्यावर कामाचा भार पडत असेल, याची जाणीव त्या पत्रात आहे. सहकाऱ्याच्या भाराची अशी आठवण राहणे, यालाच मी आपलेपणा म्हणतो.

मुले पाठ्यपुस्तक वाचण्यापूर्वी आपल्याला वाचतात. आपण एका माठातील पाणी पितो की नाही, कोणास 'गुरुजी' म्हणतो आणि कोणास नुसत्या आडनावाने हाक मारतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. उद्या शाळेत गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा पाहावे की, आपल्यात कोण अद्याप दाराशीच उभा आहे. त्यास आत घेण्याचे काम आपले आहे.