बेल्व्हेडिअर आणि भाषा भवन



पुण्यात किंवा नागपुरात एखादं मराठी पुस्तक छापून झालं, की त्याची एक प्रत कोलकात्याला जायला हवी. १९५४ सालचा कायदाच आहे तसा. प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत, प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं ती पाठवायची. कोलकात्याला म्हणजे अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. आपली पुस्तकं तिथं नांदतात तरी कशी, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

प्राणिसंग्रहालयाजवळच्या फाटकातून आत शिरलं, की तीस एकरांचं आवार लागतं. जुनी झाडं, हिरवळ आणि समोर बेल्व्हेडिअरचा पांढरा राजवाडा. रुंद पायऱ्या, वर खांबांची रांग. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर इथं राहत. त्याही आधी, १७८० साली, गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्यांच्या कौन्सिलचा सदस्य फिलिप फ्रान्सिस यांचं पिस्तुलांचं द्वंद्व याच परिसरात झालं आणि फ्रान्सिस जखमी झाला.

ग्रंथालय इथं आलं ते स्वातंत्र्यानंतर. लॉर्ड कर्झननं १९०३ साली मेटकाफ हॉलमध्ये उघडलेली ‘इम्पीरिअल लायब्ररी’ १९४८च्या कायद्यानं ‘नॅशनल लायब्ररी’ झाली आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांनी बेल्व्हेडिअरमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. लाटसाहेबांच्या मेजवान्या जिथं झडत, तिथं कॉलेजातली मुलं वह्या उघडून बसू लागली. त्या काळातले इतके सुंदर निर्णय मला फार थोडे आठवतात.

पण राजवाडा राहण्यासाठी बांधलेला असतो. पुस्तकांचं ओझं फार असतं, आणि कायद्यानं येणारा ओघ तर कधी थांबतच नाही. म्हणून याच आवारात भाषा भवन ही प्रचंड नवी इमारत उभी राहिली. २००४मध्ये ती सुरू झाली आणि ग्रंथसंग्रह टप्प्याटप्प्यानं तिकडं गेला. नवी इमारत जुनीची नक्कल करत नाही, हे मला मनापासून आवडलं. तिथं खांब नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, भरपूर जागा, मजल्यांवर मजले. जुन्या वास्तूवर मजला चढवला असता, तर ती बिघडली असती.

बेल्व्हेडिअर रिकामं झाल्यावर पुरातत्त्व खात्यानं डागडुजी हाती घेतली. तेव्हा, २०१० साली, तळमजल्यावर सुमारे हजार चौरस फुटांची एक खोली सापडली. तिला दार नाही, खिडकी नाही. कुणी म्हणालं खजिना, कुणी म्हणालं अंधारकोठडी. पुढच्या वर्षी कळलं, की आत नुसती माती ठासून भरलेली आहे. इमारतीला बळकटी यावी म्हणून. मला ही माती खजिन्याहून मोलाची वाटते. तिच्या आधारावर पन्नास वर्षं हा ग्रंथसंग्रह उभा होता.

भाषा भवनात पिशवी बाहेर ठेवून आत जायचं. पुस्तकं उघड्या कपाटांत हाताशी मिळत नाहीत. मागणीची चिठ्ठी भरायची आणि वाट पाहायची. इथं प्रमुख भारतीय भाषांचे स्वतंत्र विभाग आहेत. गुजराती, कन्नड, मल्याळम, तसा मराठीचाही. शेजारच्या टेबलावर बंगाली वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली उलटल्या जात असतात आणि आपल्यासमोर मराठी पुस्तक येतं.

ते तिथं परकं वाटत नाही, त्याला कारण आहे. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं ते बंगालमध्येच, सेरामपूरला. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. त्याच कॉलेजच्या ग्रंथालयातली ४,६७५ पुस्तकं १८३६च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीला मिळाली आणि तो ठेवा पुढं इम्पीरिअल लायब्ररीत आला. इतिहासकार सर जदुनाथ सरकारांचा संग्रहही आज इथंच आहे. शिवछत्रपतींविषयीची त्यांची सगळी मतं महाराष्ट्राला मानवली नाहीत. पण रियासतकार सरदेसायांशी त्यांचं जन्मभराचं मैत्र होतं. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकानं इथं यायलाच हवं.

मात्र इथं सगळी मराठी पुस्तकं मिळतील असं समजू नका. कायदा आहे, तो मोडला तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाची धास्ती कुणाला? अनेक प्रकाशक प्रत पाठवतच नाहीत. तालुक्याच्या गावी, स्वतःच्या पैशानं कवितासंग्रह काढणाऱ्याला तर हा कायदा कुणी सांगितलेलाही नसतो. आणि नेमकं असंच पुस्तक पुढं कुठं मिळत नाही, कारण त्याची आवृत्ती तीनशे-पाचशे प्रतींची असते.

श्रोत्यांपैकी कुणाचं पुस्तक छापखान्यात असेल, तर बांधणी होऊन आल्यावर पहिल्याच गठ्ठ्यातली एक चांगली प्रत बाजूला काढा. पत्ता लिहा : राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडिअर, अलीपूर, कोलकाता.