नाना पेठेतलं घराणं



1 सप्टेंबर 2024 ची रात्र. रविवार होता. पुण्याच्या नाना पेठेत, डोके तालमीच्या परिसरात, माजी नगरसेवक वनराज आंदेकर चुलतभावाशी बोलत रस्त्यात उभे होते. दुचाकींवरून टोळकं आलं. आधी पिस्तुलाच्या गोळ्या सुटल्या, मग कोयते चालले. त्यांना केईएम रुग्णालयात नेलं, पण उपयोग झाला नाही. सगळा प्रकार सीसीटीव्हीत टिपला गेला आणि रातोरात गावभर मोबाइलवर फिरला.

पुण्याला टोळीयुद्ध नवं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतलं, त्यांची नावं ऐकून पेठेतली जुनी माणसंही गप्प झाली. आरोपींमध्ये वनराज यांच्या सख्ख्या बहिणी होत्या, मेहुणे होते. हल्ला करणारी पोरं आंबेगाव पठारच्या विरोधी टोळीची, असं पोलिसांचं म्हणणं. ज्या घराचं नाव ऐकून पेठेत आवाज खाली यायचा, त्या घराचं वैर आता माहेर आणि सासर यांच्यामध्ये उभं राहिलं होतं.

आंदेकरांचं नाव पोलिसांच्या दप्तरात चाळीस वर्षांहून जुनं आहे. 1984 मध्ये बाळू आंदेकर यांचा खून शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात झाला. भर दिवसा, न्यायालयाच्या दारात. त्यामागं माळवदकर टोळीशी असलेलं वैर होतं. पुढची कित्येक वर्षं दोन्ही बाजूंची माणसं पडत राहिली. आंदेकरांची सूत्रं वनराज यांचे वडील सूर्यकांत ऊर्फ बंडू आंदेकर यांच्याकडे आली, आणि खून, खुनाचे प्रयत्न, खंडणी अशा गुन्ह्यांमध्ये त्यांचं नाव येत राहिलं.

नाना पेठ ही नाना फडणवीसांच्या नावाची. क्वार्टर गेटजवळ पेशवाईत जागा मिळालेलं जुनं चर्च आहे, पलीकडे रास्ता पेठ, अलीकडे गणेश पेठ, भवानी पेठ. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं, भुसार माल, मासळी, गॅरेजं, हातगाड्या. रोज संध्याकाळी गल्ल्यात रोख पैसा येतो आणि दुकानदाराला उद्या पुन्हा त्याच जागेवर शटर उघडायचं असतं. अशा ठिकाणी हप्ता वसूल करायला दरवेळी कोयता काढावा लागत नाही. दोन पोरं दुकानासमोर गाडी लावून नुसती उभी राहिली तरी पुरतं. जुने वाडे पाडून इमारती उठू लागल्या, तेव्हा मालक आणि भाडेकरूंचे वाद वाढले. न्यायालयात असा दावा पिढीभर चालतो, ‘भाई’कडे आठवड्यात मांडवली होते. ताबा मारणारे आणि ताबा सोडवून देणारे बरेचदा एकच असतात. मासळी बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून आंदेकर टोळीनं वर्षानुवर्षं खंडणी उकळली, असा गुन्हा 2025 मध्ये दाखल झाला. वर्षानुवर्षं, आणि तक्रार नोंदली गेली ती घरातली माणसं गजाआड गेल्यावर. भीती कशी काम करते ते समजून घ्यायला एवढं पुरे आहे.

पण नुसत्या भीतीवर घराणं चाळीस वर्षं टिकत नाही. याच घराण्यातल्या वत्सला आंदेकर पुण्याच्या महापौर झाल्या. वनराज यांच्या आई राजश्री आंदेकर नगरसेविका होत्या, चुलते उदयकांत आंदेकर नगरसेवक होते, आणि 2017 मध्ये वनराज स्वतः राष्ट्रवादी काँग्रेसकडून निवडून आले. निवडून आलेल्या प्रत्येकाला गुन्हेगार म्हणणं अन्यायाचं होईल. या नगरसेवकांनी नळाचं पाणी, ड्रेनेज, शाळेचे दाखले, दवाखान्यातली ओळख अशी शेकडो कामं केली असतील, आणि लोकांनी त्या कामांना मतं दिली असतील. अडचण वेगळीच आहे. एकाच दारात एकाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला दम मिळतो, तेव्हा तिसरा माणूस तक्रार घेऊन जाणार कुणाकडे? पोलीस चौकीत जायच्या आधी तो दहादा विचार करतो. गुन्ह्याला राजकारणाचा मोठा फायदा होतो तो इथे: पोलिसांना फोन जातो म्हणून नव्हे, फिर्यादीच घरी बसतो म्हणून.

पुण्याच्या पश्चिमेला, कोथरूड आणि मुळशीकडे, टोळ्या उभ्या राहिल्या त्या वेगळ्या पैशावर. तिथं जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गावातली पोरं प्लॉटिंग, भरावाची माती, मजुरांचे ठेके यांतून एकमेकांच्या जिवावर उठली. तिथल्या टोळ्यांच्या म्होरक्यांपैकी संदीप मोहोळ यांना 2006 मध्ये पौड फाट्याजवळ मारलं, 5 जानेवारी 2024 ला सुतारदऱ्यात शरद मोहोळ यांना. शरद मोहोळ यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे तो त्यांच्याच सोबत वावरणाऱ्या पोरावर. मुळशीत भावकी आणि जमीन, पेठेत गल्ली आणि बाजार. पैसा कुठून येतो ते बदललं, पण मारणारा ओळखीतलाच निघाला. पेठेत तो नात्यातला असल्याचा आरोप आहे.

वनराज यांच्या खुनामागची कारणं पोलिसांनी सांगितली ती दोन पदरी आहेत. एक पदर घरगुती. महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी पथकानं लेकीच्या सासरचं दुकान पाडलं. ते माहेरच्यांनीच पाडायला लावलं, असा सासरचा संशय. दुसरा पदर टोळीचा. 2023 मध्ये आंबेगाव पठारच्या टोळीतल्या एका तरुणाचा नाना पेठेतच खून झाला होता आणि त्याचा आळ आंदेकरांच्या पोरांवर होता. एकाला बदला हवा होता, दुसऱ्याला दुकानाचा राग होता. दोन्ही राग एकत्र आले. एरवी दुकानाचा वाद म्हटला तर मामा-मावशांनी बसून मिटवावा एवढाच. पण ज्या घरानं चाळीस वर्षं गावाचे वाद धाकानं मिटवले, त्या घराला स्वतःचा वाद मिटवायची दुसरी रीतच उरली नव्हती.

मग वर्षभर पेठ वाट पाहत राहिली. वर्षश्राद्धाच्या सुमारास काहीतरी होणार, अशी कुजबुज होती. पोलिसांनाही कुणकुण होती. ऑगस्ट 2025 च्या अखेरीला आंबेगाव पठार भागात विरोधकांच्या घरांची टेहळणी करणाऱ्याला पकडून त्यांनी एक कट उधळल्याचं सांगितलं. सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलं.

5 सप्टेंबर 2025, अनंत चतुर्दशीची आदली संध्याकाळ. मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीसाठी शहरभर बंदोबस्त लागलेला. नाना पेठेतल्या एका इमारतीत विशीच्या आतबाहेरचा एक कॉलेजचा मुलगा धाकट्या भावाला शिकवणीहून घेऊन घरी आला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावत असताना दबा धरून बसलेल्यांनी त्याच्यावर गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या. तो जागीच गेला. वनराज यांच्या खुनातल्या आरोपी मेहुण्याचा हा मुलगा. म्हणजे वनराज यांचा भाचा, आणि बंडू आंदेकर यांच्या लेकीचा लेक.

त्याच्या खुनाचा मुख्य सूत्रधार म्हणून पोलिसांनी आरोपी केलं ते बंडू आंदेकर यांनाच. आईच्या बापाला. त्यांना बुलढाणा जिल्ह्यातून ताब्यात घेतलं, घराची झडती झाली, नात्यातली आणखी माणसं अटकेत गेली, मोक्का लागला. खटला अजून उभा राहायचा आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत ते आरोपच आहेत, आणि तसंच म्हटलं पाहिजे. पण आपल्याकडे आजोळ म्हणजे लाडाची जागा. या मुलाच्या वाट्याला त्या नात्यातून काय आलं, याचा विचार करताना जीव कासावीस होतो. बापावर गुन्हा होता म्हणून, एवढ्याच कारणानं त्याला निवडलं असेल, तर टोळीचे म्हणून जे काही नियम सांगितले जातात, बायका-मुलांना हात लावायचा नाही वगैरे, त्या सगळ्या बाता ठरतात.

वैर तिथंही थांबलं नाही. 1 नोव्हेंबरला कोंढव्यात खडी मशीन चौकाजवळ भर दुपारी एका रिक्षाचालकावर गोळ्या झाडून कोयत्यानं वार केले. वनराज यांच्या खुनातल्या एका आरोपीचा तो भाऊ होता.

सिसिलीतही असंच झालं होतं. पालेर्मोच्या टोळ्यांमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यादवी पेटली. तोमासो बुशेत्ता या म्होरक्याचे दोन मुलगे आणि घरातली इतर माणसं विरोधकांनी संपवली. बुशेत्तानं 1984 मध्ये न्यायाधीश जोवान्नी फाल्कोने यांच्यासमोर तोंड उघडलं. त्याच्या जबानीवर उभा राहिलेला खटला 1986 मध्ये सुरू झाला. साडेचारशेहून जास्त आरोपी आणि त्यांच्यासाठी तुरुंगाशेजारी खास बांधलेलं न्यायालय. पुढं 1992 मध्ये फाल्कोने यांचाही बॉम्बनं बळी घेतला गेला, पण शिक्षा कायम राहिल्या. सूड घेण्याऐवजी साक्ष देणारा एक माणूस निघाला, म्हणून एवढं झालं.

आपल्या मोक्काची, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याची घडणही अख्ख्या टोळीला न्यायालयात उभं करता यावं, याच हेतूनं झाली. 1999 चा हा कायदा मुंबईतल्या टोळ्या डोळ्यांसमोर ठेवून आला. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असली की टोळी म्हणून कारवाई करता येते. जामीन सहजी मिळत नाही, आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळते, उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, मालमत्ता जप्त होऊ शकते. हत्यार जबर आहे. पण ते बहुतेक वेळा खून पडल्यावर बाहेर येतं. तडीपारी होते, स्थानबद्धता होते, माणूस परत येतो आणि पोरं स्वागताला जातात. पुण्यातल्याच एका टोळीचे म्होरके गजानन मारणे 2021 मध्ये तळोजा तुरुंगातून सुटले, तेव्हा द्रुतगती मार्गावर निघालेला गाड्यांचा ताफा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. त्या चित्रफिती बघत जी पोरं मोठी झाली, ती आज कोयते घेऊन गल्लीत फिरतात. 2023 च्या सुरुवातीला कोयता विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मागायला सांगायची वेळ पुणे पोलिसांवर आली होती.

मग आंदेकर घराणं संपलं का? रस्त्यावरची सत्ता मोडली, असं दिसतं. कर्ती माणसं तुरुंगात आहेत, मालमत्तांची चौकशी चालू आहे, समाजमाध्यमांवर टोळीची गाणी लावणाऱ्या पोरांवर कारवाई झाली. पण जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक आली. अर्ज भरायला बंडू आंदेकर यांना पोलीस बंदोबस्तात आणलं, तेव्हा तोंडावर काळं कापड होतं, हात बांधलेले होते आणि तरी घोषणा चालू होत्या. वनराज यांच्या पत्नी सोनाली आणि चुलती लक्ष्मी या भाच्याच्या खुनाच्या प्रकरणात कोठडीत होत्या. राष्ट्रवादी काँग्रेसनं दोघींना उमेदवारी दिली, आणि रविवार पेठ-नाना पेठेच्या प्रभागातून दोघीही निवडून आल्या.

कायद्यात हे बसतं. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये म्हटलं होतं की कोठडीतल्या माणसाला मतदान करता येत नाही, तर त्याला आमदारकी-खासदारकीला उभंही राहता येणार नाही. संसदेनं त्याच वर्षी कायदा बदलून वाट मोकळी केली. पालिकेतही शिक्षा लागेपर्यंत उमेदवारी अडत नाही. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यही आहे, नाहीतर खोट्या गुन्ह्यात अडकवून कुणालाही निवडणुकीतून बाद करता येईल. मात्र तिकीट देणं पक्षावर कुठल्याही कायद्यानं बंधनकारक नव्हतं. प्रभागात दुसरं माणूसच नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. आणि मतदारांनाही हे विचारलं पाहिजे, जरी उत्तर सोपं नसलं तरी: मतं सहानुभूतीची होती, जुन्या कामांची होती, की सवयीची?

आता पुढचं सगळं न्यायालयात ठरेल. दोन्ही खुनांत मोक्का आहे, दोन्हीकडे फिर्यादी आणि आरोपी एकमेकांचे नातेवाईक आहेत. चित्रीकरण, मोबाइलचे तपशील, पिस्तुलांचा अहवाल हे सगळं पोलीस मांडतील. खंडणीच्या गुन्ह्यात मात्र जित्याजागत्या माणसानं पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं की अमक्यानं, अमक्या दिवशी, माझ्याकडून इतके पैसे नेले. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा 2017 चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये देशभरासाठी योजनाही मान्य केली. मासळी बाजारातल्या व्यापाऱ्याला ते संरक्षण साक्षीच्या दिवसापुरतं देऊन भागणार नाही. निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं त्याला त्याच ओट्यावर बसून धंदा करायचा आहे, आणि त्या ओट्याचा परवाना, पाणी, दिवाबत्ती ज्या पालिकेच्या हातात आहे, तिथं त्याचे नगरसेवक कोण आहेत हे त्याला ठाऊक आहे.