साडेसात लाखांचा अंदाज

श्रोतेहो, मोटारीविषयी बोलण्याचा मला काही अधिकार नाही. बॉनेट उघडून आत नेमकं काय पाहायचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. शब्दांशी मात्र माझा रोजचा व्यवहार आहे. म्हणून आज मी मोटारीच्या निमित्तानं दोन शब्दांविषयी बोलणार आहे. एक ‘वॉरंटी’ आणि दुसरा ‘इस्टिमेट’. या दोन शब्दांच्या मध्ये आम्ही नवरा-बायको सत्तेचाळीस दिवस अडकून पडलो होतो.

माझी पत्नी शिक्षिका आहे. शाळा घरापासून एकतीस किलोमीटरवर. दोन एसट्या बदलून जावं लागे, म्हणून आम्ही कर्ज काढून विजेवर चालणारी मोटार घेतली. रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं. पेट्रोलचे पैसे वाचत आणि हप्त्याचा बराचसा भाग त्यातून निघे. अडीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी गाडीत लाल दिवा लागला, ‘सुरक्षित ठिकाणी थांबा’ अशी सूचना आली आणि गाडी थांबली ती थांबलीच. दुसऱ्या वाहनावर चढवून तिला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, “सर, इस्टिमेट तयार आहे.” आकडा होता सात लाख बेचाळीस हजार. बॅटरी पूर्ण बदलावी लागेल म्हणे. आमचं कर्जच अजून पावणेसहा लाख फिटायचं होतं. मी म्हटलं, “अहो, बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे ना?” पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “आहे सर, पण ह्या केसला लागू नाही. गाडीला खालून मार बसलाय.”

त्यानं फोटो पाठवला. गाडीच्या तळाशी तळहाताएवढा पोचा होता. दगड लागला असेल. कधी लागला ते आठवेना. आमच्या भागातल्या रस्त्यांवर हे लक्षात ठेवायचं म्हटलं, तर गाडीत वही ठेवावी लागेल.

इथं थोडी तांत्रिक माहिती सांगतो. मलाही ती तेव्हाच कळली. विजेच्या मोटारीची बॅटरी बहुधा तळाशी, आपल्या पायांखाली आडवी पसरलेली असते. तिच्यात लहान लहान सेल असतात, सेलचे गट म्हणजे मॉड्यूल आणि मॉड्यूल मिळून सबंध पॅक. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा या पॅकचाच. आपल्याकडे अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोवरची वॉरंटी देतात. पण ही वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची. अपघात, बाहेरून बसलेला मार, आत शिरलेलं पाणी या गोष्टी सहसा तिच्यात धरलेल्या नसतात. शिवाय पॅकमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. तो उघडायला खास प्रशिक्षण लागतं. त्यामुळे बऱ्याच वर्कशॉपना जुना काढून नवा बसवणं एवढंच जमतं, आणि अंदाजपत्रकावर सरळ सबंध पॅकची किंमत येते.

हा प्रश्न आपल्या खड्ड्यांपुरताच आहे असंही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरो इथल्या एका जोडप्याची बातमी गाजली होती. पावसानंतर त्यांची गाडी बंद पडली आणि बॅटरीसाठी १७,३७४ पौंडांचा आकडा हातात पडला. आठ वर्षांची वॉरंटी त्यांनाही होती. पण पाणी शिरून झालेलं नुकसान तिच्यात बसत नव्हतं.

मी विमा कंपनीकडे गेलो. बाहेरून मार बसला असेल तर तो अपघात, आणि अपघाताला विमा आहे, असा माझा सरळ हिशेब. तिथल्या गृहस्थांनी कागद चाळले आणि म्हणाले, “गाडी चालता चालता बंद पडली, म्हणजे हा विजेचा बिघाड झाला. यांत्रिक आणि विजेचा बिघाड पॉलिसीत येत नाही. तो वॉरंटीचा विषय.” वर त्यांनी हेही सांगितलं की, अपघात मान्य झाला तरी साध्या पॉलिसीत बॅटरीच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. ती कापू नये म्हणून ‘झिरो डेप्रिसिएशन’चा जादा हप्ता भरावा लागतो. आम्ही तो भरला नव्हता.

म्हणजे वॉरंटीवाले म्हणत होते, हा मार आहे, विम्याकडे जा. विमेवाले म्हणत होते, हा बिघाड आहे, वॉरंटीकडे जा. दोघांचेही कागद आपापल्या जागी बरोबर होते. त्या दोन बरोबर कागदांच्या मधल्या फटीत सात लाख बेचाळीस हजार रुपये होते आणि ते आमचे होते.

त्या रात्री मी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीची पावती काढून बसलो. पत्नीनं ती माझ्या हातातून घेतली. ती मुलांना विज्ञान शिकवते. म्हणाली, “तुम्ही एक सांगा. पोचा आहे हे दिसतंय. बिघाड झालाय हेही दिसतंय. पण त्या पोच्यामुळेच हा बिघाड झालाय, हे कुणी तपासलं?”

खरं सांगतो, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. आकडा एवढा मोठा होता की, त्याच्यामागचं कारण विचारायचं भानच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्कशॉपला पत्र दिलं आणि त्याची प्रत ईमेलनं कंपनीला पाठवली. चारच प्रश्न विचारले. गाडीच्या संगणकात नोंदलेला दोष नेमका कोणता? तो बॅटरीच्या आतलाच आहे, हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं? पोचा फक्त बाहेरच्या आवरणाला आहे, की आतल्या भागापर्यंत पोचलाय? आणि वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला? उत्तर लेखी द्यावं, फोटोंसह द्यावं, असंही लिहिलं. भांडणाचा एकही शब्द त्यात नव्हता. माझी कविताही इतक्या वेळा खोडून मी कधी लिहिली नसेल!

उत्तर यायला बारा दिवस लागले. नोंदलेला दोष ‘इन्सुलेशन’चा होता, म्हणजे उच्च दाबाची वीज जिथं जायला नको तिथं कुठंतरी झिरपत होती. पण ही गळती एकट्या बॅटरीतच होते असं नाही. त्याच उच्च दाबाच्या तारांवर एसीचा कॉम्प्रेसर असतो, हीटर असतो, चार्जिंगची जोडणी असते, मोटर असते. एकेक भाग वेगळा करून मोजत गेलं की चोर सापडतो. हे मोजमाप झालेलंच नव्हतं. पोचा दिसला होता आणि निष्कर्ष निघाला होता.

मग कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्यानं एकेक भाग सुटा करून मोजला. दोष निघाला एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये. बॅटरी ठणठणीत होती, पोचा नुसता आवरणाला होता. कॉम्प्रेसर गाडीच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण वॉरंटीत येत होता आणि आमचे सहा महिने शिल्लक होते. सात लाख बेचाळीस हजारांचं शून्य झालं. सुटा भाग येऊन गाडी घरी यायला एकूण सत्तेचाळीस दिवस लागले. तेवढे दिवस पत्नीनं पुन्हा दोन एसट्या बदलल्या.

वर्कशॉपमधली माणसं लबाड होती, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. हरकत आहे ती ‘अंदाज’ या शब्दाला हुकुमासारखं वागवण्याला. अंदाज हा शब्द फारसीतून मराठीत आला. करार, शर्त, जामीन, नुकसान हे त्याचे सोबती अरबीतून आले. देण्याघेण्याची आपली भाषा या शब्दांवर उभी आहे. उर्दूत अंदाज म्हणजे ढब, शैलीही. सांगणाऱ्याची तऱ्हा जशी, तसा अंदाज. इस्टिमेटचंही तसंच आहे. वरून तो आकडा दिसतो. आतून मात्र तो दोष कुणाचा याविषयी कुणीतरी दिलेला अभिप्राय असतो. अभिप्रायाला कारण विचारता येतं.

म्हणून श्रोतेहो, एवढं लक्षात ठेवा. गाडी घेताना वॉरंटीच्या पुस्तिकेतलं ‘यात काय येत नाही’ हे पान आधी वाचा. गाडीला खालून काही लागलं, तर फोटो काढून ठेवा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. अंदाजपत्रक आलं, तर आकड्यावर घासाघीस करण्याआधी तपासणीचा अहवाल लेखी मागा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार तिथं चालते, आणि दहा-पंधरा लाखांच्या गाडीसाठी शुल्क काही शे रुपयेच पडतं.

आम्हाला प्रश्न सुचला, कारण घरात विज्ञानाची शिक्षिका होती. ज्यांच्या घरी ती नसेल आणि ज्यांनी ठेव मोडून पैसे भरलेही असतील, त्यांची मला आठवण येते. त्यांच्यासाठीच मी आज बोललो. आमच्या ठेवीची पावती पुन्हा कपाटात गेली आहे. गाडीचा पोचा आम्ही तसाच ठेवला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)